टार्गेटसाठी चांगलं सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्वर कुठलं घ्यावं?

डॅलसचा_सातारकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस विचारायचं होतं, आज वेळ मिळाला.

मी टेक्सासात चौदा वर्षं आहे, मागच्या वर्षी ग्रीन कार्ड झालं. शेजारी एक आजोबा आहेत, वय ऐंशीच्या घरात, त्यांचं गावाबाहेर शेत आहे आणि मागच्या बाजूला मातीचा उंच बांध घालून त्यांनी स्वतःची रेंज केलीय. दिवाळीत त्यांना फराळ नेऊन दिला तर म्हणाले रविवारी ये, गंमत दाखवतो. त्यांनी हातात रुगर कंपनीचं जुनं सिंगल-सिक्स रिव्हॉल्वर दिलं, .२२ चं (गोळीच्या जाडीचा इंचातला आकडा). घोडा अंगठ्याने मागे ओढायचा, एक गोळी मारायची, परत ओढायचा, हेच सिंगल-ॲक्शन. सहा झाल्या की बाजूचं छोटं दार उघडून एकेक पुंगळी दांडीने ढकलून काढायची आणि एकेक नवीन भरायची. याआधी मी भाड्याने ऑटोमॅटिक पिस्तुलं भरपूर चालवलीत पण त्यात गोळ्या कधी संपल्या ते कळतच नाही. यात प्रत्येक गोळीला आपण थांबतो, श्वास घेतो. दोन तासांत पन्नासच गोळ्या मारल्या असतील आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, मुठीत मावेल एवढा आला.

तर मला स्वतःचं एक घ्यायचंय, एकदाच आणि चांगलं. वापर फक्त कागदी टार्गेट, २५ यार्ड, पुढे जमलं तर ५०. शिकार नाही, काउबॉय स्पर्धा नाही, कमरेला लावून फिरायचं तर अजिबात नाही. दीड हजार डॉलर आहेत, थांबायला सांगितलंत तर तीन हजारांपर्यंत साठवीन. कोल्ट घ्यावं का? .२२ की .३५७? नेटवर जो तो आपल्याकडे आहे तेच सगळ्यात भारी म्हणतो, म्हणून आपल्या माणसांना विचारतोय.

पन्हाळा_ते_फीनिक्स

सातारकर, बरं केलंत विचारलंत. मी ॲरिझोनात पंधराएक वर्षं सिलुएट मारतोय, म्हणजे लोखंडी पत्र्याचे प्राणी उभे करतात आणि ते नुसते लागून चालत नाहीत, पाडायचे असतात. ५० मीटरवर कोंबडी, १०० वर डुक्कर, १५० वर टर्की आणि २०० वर मेंढा. खेळ मूळचा मेक्सिकोतला, इकडे १९७६ मध्ये हँडगनवाल्यांची स्वतंत्र संघटना झाली. २०० मीटरवर उघड्या साइटने रिव्हॉल्वर मारायचं म्हणजे कुठलं किती पाण्यात आहे ते लगेच कळतं.

कोल्टचं आधी सांगतो. १८७३ चं सिंगल ॲक्शन आर्मी, ज्याला पीसमेकर म्हणतात, त्याच्यासारखं देखणं हत्यार नाही. घोडा ओढताना चार वेळा जो आवाज येतो तो ऐकून अंगावर काटा येतो. पण टार्गेटला ते घेऊ नका. मागची साइट म्हणजे फ्रेमच्या, म्हणजे सांगाड्याच्या, पाठीवर कोरलेली नुसती खाच आणि पुढे पातळ पात्यासारखी माशी. गोळी डावीकडे जात असेल तर नळी फ्रेममध्ये किंचित फिरवून घ्यावी लागते, खाली जात असेल तर माशी कानसने घासायची, आणि उद्या दुसऱ्या वजनाची गोळी आणली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कोल्टनेच म्हणून तर १९६१ मध्ये न्यू फ्रंटियर काढलं, सपाट पाठीचं, हलवता येणाऱ्या साइटचं. ते मिळालं तर सोनं आहे पण किंमत संग्राहकांनी चढवून ठेवलीय. इटलीची उबर्टी, पिएट्टा वगैरे चांगलीच असतात पण बहुतेक त्याच जुन्या खाचेची, ती काउबॉयवाल्यांसाठी.

म्हणजे पहिली अट, मागची साइट दोन्ही दिशांना हलणारी आणि पुढची माशी चौकोनी, काळी, उभ्या कडेची. ही अट लावली की अर्धं दुकान आपोआप बाद होतं.

उरलं काय, तर रुगर ब्लॅकहॉक, जे १९५५ पासून .३५७ मध्ये आहे, त्याचंच बिस्ले नावाच्या उभ्या, लांब दस्त्याचं भावंड, .२२ मध्ये सिंगल-सिक्स, आणि सगळ्यात वर फ्रीडम आर्म्स. हे वायोमिंगमधल्या फ्रीडम नावाच्याच गावात बनतं. त्यांचं मॉडेल ८३ माझ्याकडे आहे, पाच गोळ्यांचं, त्यासाठी दोन वर्षं पैसे साठवले आणि एका दिवसाचाही पश्चात्ताप नाही. नवीन घ्यायचं तर तुमच्या तीन हजारांना जवळजवळ हात लागेल किंवा वरच जाईल.

विदर्भ_ह्यूस्टन

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. टार्गेटच मारायचं असेल तर सिंगल-ॲक्शन कशाला? स्मिथ अँड वेसनचं के-फ्रेम घ्या, मॉडेल १७ नाहीतर मॉडेल १४, ते बनवलंच कागदावर मारायला. त्यातही घोडा अंगठ्याने ओढून मारता येतंच. आणि मुख्य म्हणजे त्याचा घोडा छोटासा फटका मारतो, तुमच्या काउबॉय रिव्हॉल्वरचा घोडा लांबून येतो. ट्रिगर सुटल्यापासून गोळी निघेपर्यंत जो वेळ जातो त्यात हात हलतो हो. सिलिंडर बाजूला उघडून सहाच्या सहा पुंगळ्या एका दणक्यात बाहेर. मी दोन्ही वापरलेत, माझा ग्रुप स्मिथनेच लहान येतो, हे खरं ते सांगितलं.

पन्हाळा_ते_फीनिक्स

विदर्भभाऊ, घोड्याचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, त्यात वाद नाही. पण सातारकरांना त्या थांबून थांबून मारण्यातच गोडी लागलीय. जे हातात घेतल्यावर रविवारी उठून जावंसं वाटतं तेच घ्यावं, कारण शेवटी नेम सरावाने सुधारतो.

कोल्हापुरी_नेम

मी कोल्हापुरात .२२ स्पोर्ट पिस्तूल मारते आणि पोरींना शिकवते. आमच्याकडे रिव्हॉल्वर म्हटलं की कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .३२, तेही लोक स्वसंरक्षणाला घेतात, त्यावर टार्गेट कुणी मारत नाही. त्यामुळे कुठलं घ्या ते मी सांगणार नाही. पण घोड्याच्या लांब फटक्याचा विषय निघाला म्हणून लिहिते.

दादा, ट्रिगर सुटला म्हणजे काम झालं असं नसतं. गोळी नळीतून बाहेर पडून कागदाला भोक पडेपर्यंत माशीवरची नजर हलता कामा नये. आम्ही पोरींना सांगतो की गोळी सुटल्यावर मनात एक-दोन म्हण आणि मगच हात खाली घे. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं तेव्हा आमची पोरं तिचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघायची, गोळी गेल्यावर तिचा हात कसा असतो ते बघायला. तुमच्या रिव्हॉल्वरचा घोडा हळू असेल तर ही सवय तुम्हाला आमच्यापेक्षा दुप्पट लागणार. आणि एकदा लागली की कुठलंही पिस्तूल हातात घ्या, ती सवय तुमच्याबरोबर येते.

ट्रिगरचं म्हणाल तर आमच्या स्पोर्ट पिस्तुलाला किमान १००० ग्रॅमचा नियम आहे, तुमच्या हिशोबात साधारण २.२ पौंड. तुम्ही घेताय त्याचा किती असतो?

पन्हाळा_ते_फीनिक्स

ताई, नव्या फॅक्टरी ब्लॅकहॉकचा चार ते सहा पौंड धरा. चांगल्या बंदूक-कारागिराकडून अडीच-तीनपर्यंत आणून घेता येतो आणि टार्गेटला तेवढा हवाच. नुसता हलका करून भागत नाही, न सरकता काच फुटल्यासारखा सुटला पाहिजे. नेटवर स्प्रिंगचा एक पाय खुंटीवरून काढून ठेवायची युक्ती सांगतात, वजन कमी होतं हे खरं, पण सातारकर, पहिल्याच रिव्हॉल्वरला हे प्रयोग नकोत. पैसे देऊन नीट करून घ्या.

मिरजकर_मेट्रॉलॉजी

मी कोलोरॅडोत मोजमापाच्या लॅबमध्ये काम करते, दिवसभर मायक्रोमीटर आणि पिन गेज (भोकाचं माप घ्यायच्या नेमक्या जाडीच्या दांड्या) हातात, त्यामुळे मला या विषयात राहवत नाही. लांबेल, पण वाचा.

रिव्हॉल्वरमध्ये पिस्तुलासारखी एक नळी नसते, सहा छोट्या नळ्या असतात आणि सातवी मोठी. गोळी सिलिंडरच्या चेंबरमधून निघते, एक बारीक फट ओलांडते आणि मग नळीत शिरते. ती सहा भोकं नळीच्या बरोब्बर समोर येतात का आणि सहाही सारख्या मापाची आहेत का, यावर सगळा नेम. बाकी चकाकी, लाकूड, कोरीवकाम सगळं नंतर.

साधारण कारखान्यात सिलिंडर वेगळा भोकं पाडून येतो, फ्रेम वेगळी येते, मग जोडतात. प्रत्येकात थोडी थोडी चूक धरली तर बेरीज होते. फ्रीडम आर्म्समध्ये काय करतात, तो सिलिंडर त्याच्याच फ्रेममध्ये बसवून, खटक्याने लॉक करून, मग फ्रेमच्या नळीच्या भोकातून चेंबर कोरतात. म्हणजे चेंबर नळीच्या समोर येणारच, दुसरीकडे जाणार कुठे? तुम्ही जे जास्तीचे पैसे देता ते या कामाचे.

दुसरं, चेंबरचं पुढचं तोंड, ज्याला थ्रोट म्हणतात. ते नळीच्या आतल्या खाचांच्या व्यासापेक्षा लहान असता कामा नये. असेल तर शिशाची गोळी तिथे आवळून बारीक होते आणि नळीत सैल जाते, खाच पकडत नाही, शिसं नळीला चिकटतं आणि ग्रुप पसरतो. माझ्याकडे एक .४५ होतं, मेक सांगत नाही, गोळी .४५२ ची आणि थ्रोट सहाच्या सहा .४४९-.४५०. वर्षभर मी गोळ्या बदलत बसले, काडतुसातली दारू बदलली, स्वतःच्या हाताला दोष दिला. शेवटी लॅबमधून पिन गेजचा डबा घरी आणला आणि दहा मिनिटांत उत्तर मिळालं. कारागिराने सहाही थ्रोट रीमरने (भोक रुंदावायच्या हत्याराने) .४५२५ केले, तेच रिव्हॉल्वर, तीच मी, ग्रुप निम्म्यावर आला.

पिन गेज नसेल तर दुकानात नेता येईल अशी सोपी परीक्षा. पुंगळीशिवायची नुसती शिशाची गोळी, .३५७ असेल तर .३५८ मापाची, रिकाम्या सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर ठेवायची आणि पेन्सिलच्या मागच्या बाजूने हलकं दाबायचं. थोडा जोर लावून सरकली तर उत्तम. आपोआप पडली तर ढिलं, हातोडी आण म्हणाली तर घट्ट. सहाही चेंबर करून बघा, सहाही ठिकाणी बोटाला सारखाच जोर लागला पाहिजे. मला तर नेमक्या मापापेक्षा हे सारखेपण जास्त महत्त्वाचं वाटतं.

डॅलसचा_सातारकर

ताई, हे कुठेच वाचलं नव्हतं, प्रिंट काढून ठेवलंय. वापरलेलं घेतलं तर अजून काय बघू?

मिरजकर_मेट्रॉलॉजी

आधी स्वतः डोळ्यांनी सहाही चेंबर रिकामी आहेत ते बघा, दुकानदाराने बघितलं असलं तरी. मग सिलिंडर आणि नळीमधली फट, फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी), .००४ ते .००६ इंच असेल तर छान, .००८ च्या पुढे मी घेणार नाही. घोडा पूर्ण चढवून सिलिंडर डावीकडे-उजवीकडे आणि पुढे-मागे हलवून बघा, हलकंसं हलणं चालतं, खडखड नको. सिलिंडरवर बोट हलकं टेकवून घोडा अगदी सावकाश चढवा, घोडा अडकायच्या आधी खालचा खटका सिलिंडरच्या खाचेत पडल्याचं जाणवलं पाहिजे, सहाही ठिकाणी. आणि फ्रेमवर मळ साठतो त्या कोपऱ्यांत स्क्रू बघा, डोकी सोललेली असतील तर आधीच्या मालकाने घरी काहीतरी उद्योग केलाय.

पन्हाळा_ते_फीनिक्स

यात सुरक्षेचं एक घालतो कारण वापरलेलं म्हटलंत. १९७३ च्या आधीचं रुगर, किंवा कुठलंही कोल्ट पद्धतीचं, त्यात भरलेल्या चेंबरवर घोडा टेकवून ठेवायचा नसतो. खाली पडलं, घोड्यावर आपटलं तर सुटू शकतं. त्यात पाचच भरायच्या, एक भरा, एक सोडा, मग चार भरा, घोडा पूर्ण चढवून हळूच उतरवा म्हणजे रिकामं चेंबर खाली येतं. १९७३ नंतरच्या न्यू मॉडेलमध्ये मधे एक पट्टी असते, ट्रिगर दाबलेला असेल तरच ती वर येऊन घोड्याचा फटका पुढे पोचवते, त्यामुळे सहा भरता येतात. जुन्या मॉडेलला ही पट्टी रुगर फुकट बसवून देते. आजोबांचं जुनं असेल तर त्यांना नक्की विचारा. माझं मॉडेल ८३ सुद्धा मी रिकाम्या चेंबरवरच ठेवतो.

सांगली_बे_एरिया

कॅलिफोर्नियावाल्यांसाठी एक उपयोगाची गोष्ट. आमच्याकडे सरकारी यादीत नाव नसलेली हँडगन दुकानात नवी मिळत नाही आणि ती यादी फार तोकडी. पण सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्वरला त्यातून सूट आहे, किमान पाच गोळ्या, नळी निदान ३ इंच आणि एकूण लांबी निदान ७.५ इंच असली की झालं. दहा दिवस थांबावं लागतं ते वेगळं. मी त्यामुळेच या छंदात आलो.

नवा_गडी_ऑस्टिन

मी एच-वन-बी वर आहे, मला घेता येईल का? रेंजवर मित्राबरोबर जातो कधीकधी.

पन्हाळा_ते_फीनिक्स

गड्या, थांब. एच-वन-बी हा नॉन-इमिग्रंट व्हिसा, आणि त्यावरच्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे. रेंजवर हातात घेणं हेसुद्धा त्यात धरतात. अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. मित्राबरोबर पुन्हा जायच्या आधी ते काढ, खिशात ठेव, आणि इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोल. हौसेपायी व्हिसा धोक्यात घालू नकोस, मनापासून सांगतो. सातारकर, तुम्हाला ग्रीन कार्डवर अडचण नाही, दुकानात फॉर्म ४४७३ भरताना कार्डावरचा नंबर लागेल, कार्ड बरोबर न्या.

विदर्भ_ह्यूस्टन

बरं, स्मिथ नको तर नको. मग .२२ की .३५७ त्यावर माझं मत. .३५७ घ्या पण त्याची जोरदार मॅग्नम काडतुसं मारू नका. त्यातच चालणारी .३८ स्पेशलची १४८ ग्रेन वजनाची वॅडकटर गोळी मिळते, पुढून सपाट, पेल्यासारखी. कागदावर पंचने पाडल्यासारखं गोल स्वच्छ भोक पडतं, मोजायला वाद नाही. धक्का नावालाच. .३८ ची पुंगळी आखूड असल्याने चेंबरमध्ये काजळीचं कडं साठतं तेवढं दर वेळी ब्रशने काढा, नाहीतर पुढे लांब पुंगळी नीट बसत नाही. सिंगल-सिक्सबरोबर दोन सिलिंडर मिळतात, एक .२२ लाँग रायफल आणि एक .२२ मॅग्नम, पण नळी एकच, तिला दोन्ही सांभाळायचं म्हणून साध्या .२२ ला जराशी ढिली. २५ यार्डाला मजा येते, ५० ला मला तरी समाधान नाही मिळालं.

कोल्हापुरी_नेम

.२२ स्वस्त असते, त्यामुळे गोळ्या जास्त मारता येतात, हे विसरू नका दादा.

मिरजकर_मेट्रॉलॉजी

दस्त्याबद्दल कुणी बोललंच नाही. कोल्ट पद्धतीचा दस्ता नांगराच्या मुठीसारखा, धक्क्याने रिव्हॉल्वर हातात वर वळतं. जोरदार गोळीला ते सुखाचं, पण प्रत्येक गोळीनंतर पकड बदलते आणि पकड बदलली की गोळी वर-खाली. बिस्ले दस्ता उभा आणि लांब, घोड्याचं टोक खाली वाकलेलं त्यामुळे अंगठा कमी ताणावा लागतो. नाव इंग्लंडमधल्या बिस्ले गावच्या रेंजवरून, कोल्टने १८९४ मध्ये टार्गेटवाल्यांसाठीच काढलं होतं. माझा हात लहान आहे तरी मला बिस्लेच बसतं, माझ्या नवऱ्याला मात्र करंगळी कुठे ठेवू कळत नाही. दोन्ही हातात धरून, डोळे मिटून, हात उचलून, डोळे उघडून बघा माशी कुठे आलीय. जिथे कमी हलवावं लागेल तो दस्ता तुमचा.

डॅलसचा_सातारकर

पाच आठवड्यांनी परत आलो, उशिराबद्दल माफी.

फ्रीडम आर्म्स एका रेंजवर हातात घेऊन बघितलं. घोडा चढवला की बँकेच्या तिजोरीचं दार लागल्यासारखं वाटतं, कुठे म्हणून हालचाल नाही. मनात भरलंय, पण अजून माझा हात त्या लायकीचा नाही असं वाटलं. म्हणून वापरलेलं .३५७ घ्यायचं ठरवलं. पहिल्या दुकानात एक दिसायला नवंकोरं होतं, ताईंची पेन्सिल परीक्षा केली तर चार चेंबर सारखी आणि दोन ठिकाणी गोळी आपोआप खाली. दुकानदार बघतच राहिला. परत ठेवलं.

तिसऱ्या दुकानात साडेसहा इंच नळीचं न्यू मॉडेल ब्लॅकहॉक मिळालं. फट .००५, सहाही चेंबरमध्ये गोळी सारख्याच जोराने सरकली, मला तर बोटाला मऊ लोण्यात सुरी घातल्यासारखं जाणवलं. दस्ता साधाच आहे, डोळे मिटून बघितलं तर बिस्लेपेक्षा मला हाच सरळ येतो. ट्रिगर कारागिराकडून पावणेतीन पौंडावर आणून घेतला. घरी लेक सात वर्षांची आहे म्हणून तिजोरी आधी घेतली, मग रिव्हॉल्वर, गोळ्या वेगळ्या कपाटात कुलपात.

आता निकाल. आजोबांच्या बांधावर, टेबलावर वाळूची पिशवी ठेवून, २५ यार्ड, वॅडकटर. सहा चेंबरला मार्करने नंबर दिले आणि प्रत्येक चेंबरमधून वेगळ्या कागदावर पाच-पाच. बहुतेक कागदांवर पाचही भोकं दोन इंचांच्या आत, आणि सगळे ग्रुप जवळपास एकाच जागी. मग उभं राहून दोन्ही हातांनी मारलं तर सहा इंच, आणि त्यातल्या बऱ्याच खाली डावीकडे. म्हणजे लोखंडाचा दोष नाही, माझाच आहे. फोटो खाली लावलेत.

कोल्हापुरी_नेम

उजवा हात ना? खाली डावीकडे म्हणजे आवाजाच्या आधीच हात दचकतोय. सहात दोन खोट्या गोळ्या मिसळा, सिलिंडर न बघता फिरवा म्हणजे कुठे आहेत ते तुम्हालाच कळणार नाही. खोट्या गोळीवर घोडा पडेल तेव्हा माशी खाली बुडताना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. ती बुडायची थांबेपर्यंत हेच करायचं, रोज घरी रिकाम्यावर वीस वेळा, भिंतीवर काळा ठिपका लावून. गोळ्या त्या खोलीत नकोत. महिन्याने पुन्हा फोटो टाका.

पन्हाळा_ते_फीनिक्स

अभिनंदन सातारकर! दोन इंचांच्या आत म्हणजे नशीब काढलंत. उन्हाळ्यात ॲरिझोनाला या, माझं ८३ चालवा, कोंबडी पाडून दाखवा.

मिरजकर_मेट्रॉलॉजी

छान वाटलं वाचून. फोटोत चौथ्या चेंबरचा कागद दोनदा आलाय आणि पाचव्याचा दिसत नाही. तो टाका, मला तोच बघायचाय.